दोन सुमन पाटील आणि एक रिकामा रकाना

मंगळवारी सकाळी माझे वडील गेले. बुधवारी मी डब्लिनहून निघालो. गुरुवारी घरी पोचलो. अंत्यविधी आदल्या दिवशी झाला होता.

तेरावं झाल्यावर मृत्यूच्या दाखल्यासाठी आईला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. क्लार्कने तिला मयताचं नाव विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं: दत्तात्रय शंकर पाटील, जन्मतारीख १ जून. खाली अर्जदाराचं नाव लिहायचं होतं. तिथे मी सवयीने ‘अनिकेत पाटील’ एवढंच लिहिलं. क्लार्कने कागद परत सरकवला. ‘‘बापाचं नाव लिहा की साहेब. नुसत्या पाटलावरनं काय कळणार?’’ मी लिहिलं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात परत आलो. माझ्या मजल्यावरच्या प्रत्येकाने येऊन हात हातात घेतला आणि तेच एक वाक्य म्हटलं: सॉरी फॉर युअर ट्रबल. इथे दुःखाच्या प्रसंगी म्हणायचं वाक्य ठरलेलं असतं. त्यामुळे म्हणणाऱ्याची सोय होते आणि ऐकणाऱ्याचीही. माझी मॅनेजर शिवॉन सर्वांत शेवटी आली. तिने चहाचा मग माझ्यापुढे ठेवला. मला आज काम द्यायचं तिच्या मनात नव्हतं, पण एक तिकीट, म्हणजे एका हॉस्पिटलकडून आलेली तक्रार, माझ्याशिवाय सुटणार नाही असं तिला वाटत होतं. ‘‘तुझ्याच नावाच्या बाई आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘नात्यातल्या आहेत का?’’

‘‘तुमच्याकडे सगळे मर्फी एकमेकांच्या नात्यातले असतात का?’’

‘‘आमच्या गावात, हो.’’

माझं काम काय ते आधी सांगतो. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. एकच माणूस हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांत जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची वेगळी नोंद होते. या नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोघांच्या, हे आमची सिस्टिम ठरवते. एकाच्या आहेत असं ठरलं की त्या जोडल्या जातात. त्याला मर्ज म्हणतात. ठरवण्याची रीत गुणांची आहे. नाव जुळलं की गुण, जन्मतारीख जुळली की गुण, पत्ता जुळला की गुण. ठरावीक गुणांच्या वर गेलं की मर्ज.

आडनावाचे गुण मात्र सगळ्यांना सारखे नसतात. मर्फी हे आडनाव जुळलं तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण मर्फी पावलापावलावर आहेत. दुर्मिळ आडनाव जुळलं तर माणूस तोच असण्याची शक्यता खूप वाढते. कोणतं आडनाव किती दुर्मिळ, याची एक यादी सिस्टिमला द्यावी लागते. आम्ही ब्रिटनमधल्या आडनावांवरून केलेली यादी वापरत होतो. आयर्लंडच्या यादीत आमच्यासारख्यांची आडनावं जवळजवळ नव्हतीच.

त्या ब्रिटिश यादीत संख्येने पटेल अगदी वर आहेत आणि पाटील बरेच खाली. मुळात दोन्ही एकाच कामाची नावं. गावाचा सारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा, सरकारपुढे गावाच्या वतीने उभा राहणारा माणूस गुजरातेत पटेल झाला आणि आपल्याकडे पाटील. वडील म्हणायचे, पाटील हे आडनाव नाही, हुद्दा आहे. गाव तिथे पाटील, म्हणून एका पाटलाचं दुसऱ्याशी नातं असेलच असं नाही. जातसुद्धा एक असेलच असं नाही. पटेल ब्रिटनमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन गेले, बरेचसे पूर्व आफ्रिकेमार्गे, आणि देशभर पसरले. पाटील नंतर आले, एकेकटे, हातात डिग्री घेऊन. कोणी डॉक्टर, कोणी कंप्युटरवाला. आयर्लंडमध्ये तर अगदी अलीकडे, औषधांच्या आणि मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये. त्यामुळे अख्ख्या देशात पाटील मूठभर. पण एखाद्या प्लँटने पुण्याहून माणसं भरली की त्याच्या शेजारच्या इस्टेटमध्ये, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहतीत, एकाच गल्लीत तीन पाटील सापडतात. यादी हे सांगत नाही. यादी सरासरी सांगते.

आता तिकीट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. त्या गावात पाटील इतके थोडे आहेत की लगेच ओळख पटेल.

सुमन पाटील, वय सत्तरीच्या पुढे, मुलाकडे राहायला आलेल्या. पित्ताशयात खडे. दुखणं उठल्यामुळे दोनदा इमर्जन्सीत आणावं लागलं होतं. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या तपासणीत नर्सने रेकॉर्ड उघडलं, तर त्यात हृदयात स्टेंट बसवल्याची आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीची नोंद होती. बाई म्हणाल्या, मला असलं काही झालेलं नाही. फोनवरून हिंदी दुभाषी जोडून दिला होता. नर्सने तीन ओळी लिहिल्या. स्वतःचा हृदयाचा आजार नाकारतात. जन्मतारीख, १ जून, वाचून दाखवली तर हसतात आणि ती खरी नाही म्हणतात. नवऱ्याचं नाव दोनदा विचारलं, सांगता आलं नाही.

निष्कर्ष: स्मरणशक्तीबद्दल शंका. ऑपरेशन थांबवा, आधी स्मृतीची तपासणी करा. त्या तपासणीची रांग काही महिन्यांची होती. आमच्या सपोर्ट टीमने तिकिटावर उत्तर दिलं होतं की जुळणी पाहिली, बरोबर आहे.

शिवॉन म्हणाली, ‘‘नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही. आणखी काय पुरावा हवा?’’

मी तिसऱ्या ओळीवर थांबलो होतो. ग्रामपंचायतीत माझ्याकडे बघणारी आई मला दिसत होती.

मी शिवॉनला सांगितलं की माझ्या आईनेही पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव उच्चारलेलं नाही. तिला ते चांगलं आठवतं. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, नर्सने विचारलं तरी घेत नाहीत. आणि १ जूनचंही सांगितलं. माझे वडील तासगावजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. आईबाप मूल घेऊन यायचे, जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची. वडील मुलाला डोक्यावरून हात पलीकडे न्यायला सांगायचे. दुसऱ्या बाजूचा कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून रजिस्टरात १ जून. गावोगावच्या मास्तरांनी हेच केलं. वडिलांच्या मास्तरांनी त्यांच्याबाबतीतही हेच केलं होतं.

‘‘म्हणजे एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी?’’

‘‘कागदावर.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘मग दोन सुमन पाटील असल्या तर त्यांना वेगळं काय करतं?’’

‘‘मधलं नाव. नवऱ्याचं.’’

स्क्रीनवर तो रकाना रिकामा होता. आणि भरलेला असता तरी उपयोग नव्हता, कारण सिस्टिम तो वाचतच नव्हती. हे मला शोधावं लागलं नाही. तो रकाना मीच बंद करायला लावला होता.

तीन वर्षांपूर्वीची मीटिंग. मधलं नाव धरायचं का, असा प्रश्न निघाला. आयरिश माणसाचं मधलं नाव म्हणजे त्याचंच दुसरं नाव. कधी लिहितात, कधी नाही. धरलं तर जुळण्या बिघडतात. खोलीत भारतीय मी एकटा. मला विचारलं. मी म्हणालो, सोडून द्या.

मी स्वतः ते सोडून दिलं होतं. आल्यावर पहिल्या वर्षी मी सगळीकडे पूर्ण नाव लिहीत असे. पत्रं ‘मिस्टर दत्तात्रय’ यांना यायची. एकदा दवाखान्यात ‘‘दत्तात्रय!’’ अशी हाक आली आणि मी वडिलांच्या नावाने उठून उभा राहिलो. मग एकेका फॉर्मवरून ते नाव कमी केलं. वडील इथे आले होते तेव्हा बँकेचं एक पाकीट त्यांनी हातात घेऊन पाहिलं. ‘‘मधलं कुठे गेलं?’’ मी म्हणालो, इथे लागत नाही. ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि पाकीट प्रेसमध्ये ठेवून दिलं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, मुलांमुळे आमच्या घरीही.

मी शिवॉनला म्हणालो की हे माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, तू नसतास तर दुसऱ्या कोणी तेच केलं असतं. ‘‘दुसऱ्याला माहीत नसतं,’’ मी म्हणालो. ‘‘मला माहीत होतं.’’

पेशंटला मी परस्पर फोन करू शकत नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातल्या मोराने बाईंची परवानगी घेतली आणि मंगळवारी कॉल ठेवला. तिकडे बाई आणि त्यांची सून, इकडे मी, मध्ये मोरा.

‘‘मावशी, मी अनिकेत पाटील. तासगावकडचा.’’

‘‘कुठल्या पाटलांपैकी?’’ बोली कऱ्हाडकडची होती.

‘‘दत्तात्रय मास्तरांचा मुलगा.’’ अशी ओळख मी कित्येक वर्षांत दिली नव्हती.

‘‘बरं. मास्तर हायत न्हवं?’’

‘‘नाही. गेल्या महिन्यात गेले.’’

त्या म्हणाल्या, ‘‘आन तू लगीच कामाला बसलायस?’’

मी स्टेंटचं विचारलं. त्यांनी सांगितलं, काळजाला काहीसुद्धा झालेलं नाही, दुखतंय ते पोटात. सांगून सांगून दमले. आता मुलगा आणि सूनही म्हणतात, आई, तुम्ही विसरत असाल. ‘‘मला बी वाटाय लागलं, झालं आसंल का कदी? न्हाणीत छातीवर टाक्याची खूण हाय का बघितलं. हितं येऊन येड लागलं काय मला, आसं वाटलं.’’

‘‘नवऱ्याचं नाव का नाही सांगितलंत?’’

‘‘आता ते कसं सांगायचं? पासपोर्टावर हाय की. सुनंला इचारायचं.’’

सुनेने वाचून दाखवलं: बाबासाहेब.

मी विचारलं, तुमच्या इस्टेटमध्ये आणखी कोणी सुमन पाटील आहे का.

‘‘हाय की. जळगावची सुमन. पोरं एकाच गाडीनं प्लँटवर जात्यात. आमी रोज फिराय जातो. तिच्या काळजात ती जाळी बसवलीया, हितं यायच्या आदी. वाडदिवस बी आमचा एकच, साल बी तेच. नातवंडांनी दोघीत मिळून एकच केक आणला हुता.’’

पलीकडे सून ‘‘आई!’’ म्हणाली.

‘‘मावशी, हे तुम्ही नर्सला सांगितलं नाही?’’

‘‘तिनं माझं इचारलं. सुमनचं कुटं इचारलं?’’

मोराला मी हे भाषांतर करून सांगितलं. ती एक आयरिश शब्द बोलली. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

जळगावच्या सुमनताईंची परवानगी त्याच दुपारी मिळाली. त्यांच्या पासपोर्टवर मधलं नाव रघुनाथ होतं. हृदयाच्या क्लिनिकची जुनी यादी मी रजेवर असताना मुख्य सिस्टिमला जोडली गेली होती. त्या रात्री दोघींची एक बाई झाली. जळगावच्या सुमनताईंच्या पुढच्या तपासणीचं पत्र कऱ्हाडकडच्या सुमनच्या घरी गेलं होतं. तिथे ते चुकून आलेलं समजून ठेवून दिलं होतं. मोराने ती तपासणी त्याच आठवड्यात लावून घेतली.

जोडणं सिस्टिम एका क्षणात करते. सोडवणं हाताने करावं लागतं. बुधवारभर मोरा आणि मी एकेक कागद बघत होतो. हा बाबासाहेबांच्या सुमनचा, हा रघुनाथांच्या. मोराला दुसऱ्या तासापासून दोन्ही नावं नीट उच्चारता यायला लागली. संध्याकाळपर्यंत दोन स्वतंत्र रेकॉर्ड झाली. स्मरणशक्तीबद्दलची नोंद डॉक्टरांनी स्वतः रद्द केली. शुक्रवारचं ऑपरेशन शुक्रवारीच झालं. दुपारी मोराचा एका शब्दाचा मेसेज आला: ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत सगळं ठीक. मी लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन थोडा वेळ बाहेर उभा राहिलो. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

नंतरचं काम शांतपणे झालं. मधल्या नावाचा रकाना सुरू केला आणि त्याच्या शेजारी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पासपोर्टवरून लिहा, अशी सूचना टाकली. १ जूनला जुळणीचे गुण देणं बंद केलं. आडनाव किती दुर्मिळ हे आता देशावरून नाही, त्या हॉस्पिटलच्या परिसरावरून ठरतं. जुने मर्ज पुन्हा तपासले. चुकून एक झालेल्या आणखी दोन जोड्या निघाल्या. कुणाला इजा झाली नव्हती.

प्रत्येक प्रकरणानंतर आमच्याकडे काय शिकलो याचा अहवाल लिहावा लागतो. माझा चार पानांचा होता. शिवॉनने तो वाचला आणि वर एक ओळ घातली: पेशंट काही नाकारत असेल तर आधी सिस्टिमची तपासणी करा, मग पेशंटची.

ग्रामपंचायतीतून दाखला आला. अर्जदाराच्या जागी माझं पूर्ण नाव आहे. इथल्या बँकेत, दवाखान्यात आणि ऑफिसात ते मी पुन्हा तसंच करून घेतलं. आता मधूनमधून मिस्टर दत्तात्रय यांच्या नावाने पत्र येतं. ते मी उघडतो.