जठे व्हतात तठे

गेली वीसेक वर्षं मी एरंडोलला राहून लोकांच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो. दिवसा एका खाजगी वाचनालयात नोकरी, आणि संध्याकाळी हातात माईक. लग्नाच्या स्वागत समारंभापासून निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्कारापर्यंत सगळं केलं. अलीकडे मात्र माझं बोलणं बहुतेक पुढाऱ्यांसाठीच असतं. या पुढाऱ्यांना आमच्याकडे 'भाऊ' म्हणतात. प्रत्येक तालुक्यात पाच-सहा भाऊ असतात आणि त्यांच्या फलकांवर ते कायम 'भावी' असतात.

त्यातल्या एका भाऊंचं काम माझ्याकडे नेहमी यायचं. त्यांची ओळख करून देणारं भाषण मी कधीकाळी लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा ते मी जळगावला वाचलं. पुढे भाऊ दुसऱ्या पक्षात गेले, तो प्रवेश धुळ्याला झाला. तिथे तेच भाषण वाचलं, फक्त पक्षाचं आणि वरच्या नेत्याचं नाव बदललं. तिसऱ्या वेळेला पुन्हा तेच. 'तत्त्वाशी कधीही तडजोड न करणारे' हे शब्द तिन्ही वेळा तसेच राहिले आणि तिन्ही वेळा त्यांना टाळ्या पडल्या. मला लाज वाटायची का, असं कुणी विचारलं तर सांगतो, पहिल्यांदा थोडी वाटली होती.

नगरपालिकेच्या निवडणुका लांबत लांबत एकदाच्या जवळ आल्या तेव्हा भाऊंनी धरणगावात महिलांसाठी पैठणीचा कार्यक्रम ठेवला. हल्ली आमच्याकडे विकासाची सुरुवात पैठणीपासून होते. मुंबईहून मालिकेतली एक नटी येणार होती, रोज संध्याकाळी घराघरात रडणारी, सोशीक सून. गावभर फलक लागले, त्यात भाऊंचा फोटो मोठा, नटीचा त्याहून मोठा, आणि पैठणी कोपऱ्यात. वस्त्यांमधून बाया आणायला टेम्पो ठरवले होते. चारची वेळ दिली होती. तीन वाजताच मैदान भरलं.

पाच वाजले तरी नटीचा पत्ता नव्हता. महामार्गावर कुठेतरी ट्रक आडवा झाला होता आणि तिची गाडी त्यामागे अडकली होती. भाऊंचा एक खास माणूस होता, पांढऱ्या कपड्यातला, कानाला सतत फोन. त्याने मला येऊन सांगितलं की कसंही करून बायांना धरून ठेवा, उठल्या तर परत बसणार नाहीत. मी फुगे फोडायला लावले, पेल्यांचे मनोरे रचायला लावले, डोळे बांधून टिकल्या लावायला लावल्या. साडेपाचला माझ्याकडचे सगळे खेळ संपले. शेवटी उखाण्यांची स्पर्धा जाहीर केली. पाच जणी मंचावर येतील, आळीपाळीने उखाणे घेतील, जिला सुचणार नाही ती बाद. जी शेवटी राहील तिला मानाची पैठणी, तीही नटीच्या हातून.

पाच जणी आल्या. त्यातली एक गावातल्या पार्लरची मालकीण होती, भरजरी साडीत, हातात मोठा मोबाईल. आणि एक बाई होती पंचेचाळीसेक वर्षांची, गावाबाहेरच्या वस्तीतली. कापूस वेचण्याच्या मजुरीवर जाणारी. ती वावरातूनच थेट टेम्पोत बसली असावी, कारण साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा तसाच होता. कापसाच्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून आमच्याकडे बाया तो घालतात. मंचावर आल्यावर तिच्या ते लक्षात आलं, तिने काढायला बटणांना हात घातला आणि मग बहुधा विचार बदलला. सदरा तसाच ठेवून ती स्टँडवरच्या माईकपाशी गेली. तिच्या बोटांची टोकं बारीक बारीक चिरलेली होती, ती मला तेवढ्या जवळून दिसली.

तिने अहिराणीत पहिला उखाणा घेतला. नवऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, त्या जागी 'धनी' लिहितो.

"कापूस येचीसन भरी लिधी गोण, धनीनं नाव लेवाले माले अडावस कोण?"

मैदान हसलं. बाकीच्या तिघींचे चांदीच्या ताटाचे आणि गुलाबाच्या फुलाचे उखाणे तीन-चार फेऱ्यांत संपले. पार्लरवाली टिकून होती. ती मोबाईलवर बघून वाचत होती आणि उखाण्यांना तिथे तोटा नव्हता. पण एवढ्या गर्दीत नेटवर्क गेलं. ती स्क्रीनवर बोट फिरवत राहिली, मग हसून खाली उतरली. कापूसवाली एकटी उरली.

ती जिंकली होती. स्पर्धा तिथेच संपायला हवी होती, पण नटी अजून आली नव्हती, म्हणून मी तिला म्हटलं, अक्का, अजून दोन-चार होऊ द्या. तिने मैदानाकडे बघून विचारलं, "कसावर म्हणू, सांगा ना."

मागून कुणीतरी ओरडलं, पाणी. तिने श्वास घ्यायलाही वेळ लावला नाही.

"नळले पानी येस आठ दिनमां एक डाव, धनी रोज येतस घर, म्हणीसन लेस त्यास्नं नाव."

आता जो हशा उठला तो वेगळा होता. बाया एकमेकींच्या अंगावर कोसळत हसत होत्या. मग विषयांचा पाऊस पडायला लागला. गटार म्हणा, दवाखाना म्हणा, रस्त्यातला खड्डा म्हणा. एकेक शब्द तिच्यापर्यंत पोचायचा आणि तिथून दोन ओळी होऊन परत यायचा. दवाखान्यातला न येणारा डॉक्टर आला, तीनदा नारळ फुटलेला आणि एकदाही न झालेला रस्ता आला, रेशनच्या दुकानातलं अंगठा न ओळखणारं यंत्र आलं. प्रत्येकाच्या शेवटी तिचा नवरा हजर व्हायचा, कधी त्या रस्त्यावर घसरून, कधी दवाखान्याच्या बाकावर बसून. कुणी टीव्ही म्हटलं, तेव्हा तिने स्वतःच्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली:

"टीव्हीमानी सून निजस दागिना घालीसन, मी वावरमां जास धनीना सदरा चढाईसन."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी; घरी यमकांची वही आहे, तीन कोश आहेत, तरी चार ओळी जुळवायला मला दोन दिवस लागतात. इथे माझ्यासमोर वही नव्हती, कोश नव्हता, विचार करायला थांबणंही नव्हतं. लहानपणी श्रावण संपता संपता पद्मालयाच्या तळ्यातली कमळं बघताना जशी नजर हलायची नाही, तसं काहीतरी मला झालं. माईक हातात असून मी बोलायचं विसरलो, आणि हे माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

भाऊ पुढच्या सोफ्यावर होते. पाण्याच्या उखाण्याला ते हसले, खड्ड्याच्या उखाण्यालाही हसले, कारण प्रशासक येण्याआधी पालिका त्यांच्या विरोधकांची होती. मग मधल्या रांगेतून एका म्हातारीने खणखणीत आवाजात विषय दिला, "भाऊ."

सगळ्या माना मंचाकडे वळल्या. खास माणूस फोन कानावरून काढून माझ्याकडे बघत होता. त्याने गळ्यावरून बोट फिरवलं, माईक बंद करा असं. मी खरंच एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणालो की आता वेळेअभावी हा शेवटचा. ती म्हणाली बरं, शेवटचा.

"भाऊ गयात आठे, भाऊ गयात तठे, मन्हा धनी वीस सालफाइन जठे व्हतात तठे."

भाऊ इकडे गेले, तिकडे गेले, धनी मात्र वीस वर्षं होते तिथेच. मग हजारभर बाया एकदम हसल्या. तो आवाज मंचाच्या फळ्यांमधून माझ्या पायांना लागला. पुढच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या, मागच्या उभ्या राहिल्या होत्या. आणि 'अजून, अजून' सुरू झालं. खास माणूस मंचाच्या पायऱ्या चढायला लागला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि माईकचा स्टँड तिच्या बाजूला सरकवला. माझ्याकडून एवढंच झालं. ते धाडस होतं असं मी म्हणणार नाही. मला पुढचा उखाणा ऐकायचा होता.

याच गोंधळात नटी आली. तिची गाडी मंचामागे कधी लागली ते कुणाला कळलं नाही. ठरल्याप्रमाणे तिचं गाणं वाजायला हवं होतं, धूर सोडायला हवा होता, मी 'जिची आपण आतुरतेने' वगैरे म्हणायला हवं होतं. ती पायऱ्यांवरच थांबली आणि खास माणसाला हाताने अडवून ऐकत राहिली. पाच-सहा उखाणे तिने तसेच उभ्याने ऐकले. त्यात तिच्या मालिकेतल्या सासूवरचाही एक होता आणि त्याला ती सगळ्यात जोरात हसली. मी मनातल्या मनात तिच्याबद्दल बरंच काही वाईट ठरवून आलो होतो, ते मला मागे घ्यावं लागलं. मंचावर आल्यावर तिने पाठ करून आणलेलं अहिराणी वाक्य म्हटलंच नाही. त्या बाईचा चिरलेला हात हातात घेऊन ती माईकवर म्हणाली, "मला रोज कुणीतरी लिहून देतं, तेव्हा मी बोलते. यांना कोण लिहून देतं?"

पैठणी भाऊंनी दिली. फोटोत भाऊ मधोमध आहेत. बाईने पैठणी घेतली, काठ उलटा करून बघितला, खूश झाली, आणि टेम्पो परत कधी जाणार ते विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी येणार होतं.

तिचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. मला वाटलं भाऊंचं आता कठीण आहे. पण माझं राजकारणाचं ज्ञान त्यांच्या प्रसिद्धीवाल्या पोरांपुढे काहीच नाही. आठवड्याच्या आत प्रचाराचं गाणं आलं, ढोल-ताशांवरचं, नाचता येईल असं. त्याचं ध्रुवपद होतं, 'भाऊ आठे, भाऊ तठे.' म्हणजे भाऊ तुमच्यासाठी सगळीकडे धावून जातात. दुसरी ओळ अर्थातच कापली होती. रिक्षांच्या भोंग्यातून ते गाणं दिवसभर वाजलं, हळदीच्या कार्यक्रमात लोक त्यावर नाचले. टोमण्याचं तोरण करून दारावर लावायची ही कला बघून मी पुन्हा थक्क झालो, या वेळी जरा निराळ्या तऱ्हेने. भाऊ निवडून आले. विजयाच्या सभेत तत्त्वाशी तडजोड न करणाऱ्यांची ओळख करून द्यायला मला बोलावणं आलं. घसा बसलाय असं कळवलं आणि घरी बसून राहिलो.

निकालानंतरच्या रविवारी मोटरसायकल काढून मी त्या बाईला शोधत धरणगावला गेलो. वस्तीत कळलं की ती वावरात आहे. कापूस शेवटच्या वेचणीला आला होता. रस्त्याकडेच्या एका वावरात सात-आठ जणी ओळीने वाकून पुढे सरकत होत्या, सगळ्यांच्या अंगावर पुरुषांचे सदरे, कमरेला झोळ्या. ती त्यांच्यातच सापडली. गाणं तिने ऐकलं होतं. तिला त्याचा राग आला नव्हता, दुसरी ओळ गाळली एवढंच खटकलं होतं. धन्याचं नाव राहून गेलं म्हणाली. मी तिला विचारलं की हे सगळं तिला येतं कुठून. हात न थांबवता ती म्हणाली, "पाथमां बठ्ठ्या म्हणतस, दादा. मी ते तिसरी शे."

पाथ म्हणजे वेचणाऱ्यांची रांग, त्यात सगळ्याच म्हणतात, हे मला आधी समजलं नाही. मग तिने सांगितलं की दिवसभर वाकून वेचताना कंबर मोडते, म्हणून एकीने उखाण्याची ओळ टाकायची, शेजारणीने ती जोडायची, पुढचीने नवी टाकायची. सकाळी सुरू होतं ते उन्हं उतरेपर्यंत. या पाथेत सुचण्यात ती तिसऱ्या नंबरची आहे. दोन नंबरची त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली होती. आणि पहिल्या नंबरची ती तिकडे, शेवटच्या तासात, म्हणजे कपाशीच्या शेवटच्या ओळीत, तिला मंचावर यायचा कंटाळा आला म्हणून आली नाही.

मी बांधावर बसलो. त्या पुन्हा सुरू झाल्या. एका टोकाला पडलेली ओळ हातोहात दुसऱ्या टोकाला जात होती, आणि हात एकदाही चुकत नव्हते. बोंडातून कापूस निघत होता, झोळ्या फुगत होत्या. त्यांना कुणी ऐकत नव्हतं, त्यांना कुणी ऐकावं अशी त्यांची मागणीही दिसली नाही. गेली वीस वर्षं मी याच रस्त्याने ये-जा करतो, डोक्यात पुढच्या कार्यक्रमाची वाक्यं जुळवत. दोन्ही बाजूंना दर हिवाळ्यात हे चाललेलं असणार.

निघताना मी शेवटच्या तासापाशी थांबलो. ती पहिल्या नंबरची बाई साठीच्या घरातली, काटक, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी नमस्कार केला. तिने वर न बघता दोन ओळी म्हटल्या, अगदी हळू, आणि सगळ्या जणी खाली मान घालून हसायला लागल्या. त्या ओळी माझ्यावर होत्या एवढं मला कळलं, बाकी काही कळलं नाही. मीही हसलो, हात जोडले आणि गाडी सुरू केली.

अर्धा रस्ता गेल्यावर त्यातला एक शब्द उलगडला, मग दुसरा, मग सगळंच. मी गाडी बाजूला घेतली आणि निंबाच्या झाडाखाली एकटाच हसत उभा राहिलो. त्या ओळी मी लिहून ठेवल्या आहेत, पण इथे देत नाही. दोन ओळींत तिने माझा सगळा धंदा सांगितला होता, आणि एक अक्षरही खोटं नव्हतं.