काचेच्या बरणीतलं खडप

पौडच्या बाजारपेठेत, मशिदीच्या मागच्या आळीत जैनबबीचं घर होतं. दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीला रस्त्याकडं उघडणारी एकच खिडकी. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात त्या खिडकीखाली एक बाज पडली आणि बाजेवर तिचा नवरा मौला. मुंबईच्या बंदरात तो खलाशी होता. एका बोटीत माल उतरवताना पाय घसरून थेट तळाशी कोसळला आणि कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळातून घरी आणला तेव्हा चौघांनी उचलून बाजेवर टाकला. चौघं चहा पिऊन आपापल्या वाटेनं गेले आणि घरात ही दोघं राहिली.

मूलबाळ नव्हतं. दीर नसीर मुळशीच्या धरणावर नोकरीला होता. तो तांदूळ-ज्वारी पोचती करायचा. बाकी सगळं जैनबबीवर. मौलाला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेल चोळायचं. विहिरीवर जायची तेवढाच तिला उंबऱ्याबाहेरचा वारा. मौला बोलायचा नाही. खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या भिंतीकडं बघत पडायचा. ती काही विचारायला गेली तर "हां" किंवा "न्हाई". अशी दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी मौलाचा जुना सोबती भिकू कोळी मुंबईहून एसटीनं उतरला. एका हातात झाकणाचा दुधाचा कॅन, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं, समुद्राच्या पाण्यानं भरलेलं अरुंद तोंडाचं काचेचं मोठं भांडं. कॅनमध्ये पाणी हिंदकळत होतं. जैनबबीनं झाकण उचललं तर खाली खडबडीत दगड आणि बोटाएवढे दोन करडे मासे.

"एवढ्याशा माशाचं कालवण कुनाला पुरायचं?" ती म्हणाली.

"वयनी, शिजवू नको गं!" भिकू ओरडलाच. "ह्यो खडपातला दगड हाय. मौलासाठी आनलाय. जित्ता हाय तो."

ओहोटी लागली की समुद्रातून उघडे पडणारे काळे खडक, त्यांना कोळी लोक खडप म्हणतात. त्याचाच हा तुकडा. भिकूनं तो परातीत काढला तेव्हा मौलानं दोन वर्षांत पहिल्यांदा मान पुरती वळवली. दगडावर खड्यांसारखे शिंपले होते, एका शंखात शिरून बसलेला खेकडा होता आणि तांबूस मांसाची दोन बोंडं चिकटलेली होती. पाण्यात ठेवल्यावर हळूहळू ती बोंडं उघडली आणि त्यांतून बारीक बारीक बोटं बाहेर येऊन हलायला लागली. फुलासारखं दिसत होतं, पण फूल नव्हतं. जैनबबीनं काडी लावली तर त्यानं काडी धरली.

"पसरट भांडं पायजे," मौला म्हणाला. "आनि लोखंड न्हाई चालायचं. पुरी काच पायजे." एवढं लांब वाक्य ऐकून जैनबबी भिकूकडं बघत राहिली. मौला पुढं सांगत होता. त्याच्या लाँचवरून मुंबईच्या मत्स्यालयासाठी बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आणायचे, तिथली माणसं काय करतात ते त्यानं पाहिलं होतं.

भांडं नसीरनं दिलं. धरणावरच्या बॅटऱ्यांच्या खोलीतून जाड काचेची एक चौकोनी बरणी मोडीत निघाली होती. तिच्यात तेजाब असायचं, म्हणून जैनबबीनं ती राखेच्या पाण्यानं कितीतरी वेळा धुतली. हाताची सालं निघाली. मग तळाला नदीची धुतलेली वाळू, वर दगड, आणि भिकूच्या भांड्यातलं समुद्राचं पाणी. बरणी खिडकीजवळ, मौलाला पडल्या पडल्या दिसेल अशी ठेवली.

पण पाण्याला हवा लागते. नसीरनं ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब आणली, तिला दवाखान्यातली बारीक रबरी नळी जोडली आणि नळीच्या टोकाला वेताचा तुकडा बसवला. ट्यूबमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरली की वेतातून बारीक बुडबुडे सुटायचे. सकाळी भरलेली हवा दुपारी संपे, दुपारची सांजेला. पंप कोण मारणार? जैनबबी. पहाटेची नमाज झाली की पंप, भाकरी थापायच्या आधी पंप, दिवे लागायच्या आधी पंप. नवरा एक होता, आता दोन झाले, असं ती शेजारच्या साळूबाईला म्हणाली. साळूबाईला हसू आलं, पण जैनबबी काही हसण्यासाठी बोलली नव्हती.

मौलाला मात्र वाचा फुटली होती. दिवसभर हुकूम. झाकण सरकव, ऊन आलं, पडदा कर, काच पूस. पहिल्या महिन्यात जैनबबीनं भिजवलेली सुकट मूठभर टाकली. जनावर खातंय तर खाऊ दे, असा तिचा विचार. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं, खोलीभर घाण वास सुटला आणि दोन्ही मासे उलटे तरंगले.

"उपाशी मरत न्हाई त्ये," मौला म्हणाला. "खाऊन मरतंय. चिमटीएवढं टाकायचं, आनि उरलं तर काढून घ्यायचं."

मग उन्हाळ्यात पाणी कमी व्हायला लागलं. भिकूनं आणलेल्या भांड्यातलं समुद्राचं पाणी ती वरून ओतत गेली. खेकडा मंद झाला, बोंडं मिटून बसली. मौला दोन दिवस विचार करत पडला. मग त्यानं औषधाची एक लहान बाटली मागितली, तिच्यात थोडी वाळू घालून लाखेनं तोंड बंद करवलं आणि भिकूच्या ताज्या पाण्यात ती तरंगवून पाण्याच्या रेषेला दोरा बांधायला लावला. मग तीच बाटली बरणीत सोडली. दोरा थोडासाच, पण स्पष्ट दिसेल इतका पाण्याच्या वर आला.

"बोट खाडीत गोड्या पान्यात शिरली की खाली बसती, खाऱ्यात वर येती," तो म्हणाला. "हितलं पानी लई खारं झालंय. ऊन पानी घेऊन जातं, मीठ न्हाई नेत. मीठ हितंच ऱ्हातं. वरून इहिरीचं पानी घाल."

त्या दिवशी जैनबबीच्या मनात आलं, की आपलंही तेच चाललंय. रोज थोडं उडून जातंय आणि उरतंय ते खारट होत चाललंय. पण हे बोलायचं कुणाशी?

विहिरीचं पाणी घालायला लागल्यावर बोंडं पुन्हा उघडली. पण मधेच मातीचा माठ फुटला आणि आठवडाभर तिनं पाणी तांब्याच्या हंड्यातून घातलं. हंड्याची कल्हई कधीच गेली होती. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन मेला. एक बोंड दगडावरून सुटलं आणि शेंबडासारखं झालं. काय झालं ते मौलाला हंडा बघितल्यावर कळलं.

"तांबं!" तो किंचाळला. "गलबताच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारत्यात, कशापाई? शिंपलं, किडं धरू न्हाई म्हनून! ईख घातलंस तू!" आणि त्यानं उशाची ताटली भिरकावली. ती तिला लागली नाही, भिंतीवर आपटली.

जैनबबीनं ताटली उचलली, धुतली, जागेवर ठेवली. "मी कधी समुद्र बघितला न्हाई," ती म्हणाली. "मला काय म्हाईत गलबताचं बूड?" खरंच तिनं समुद्र पाहिला नव्हता. पौड आणि माहेरचं घोटावडे, यापलीकडं ती एकदाच पुण्याला गेली होती, तीही इस्पितळात. पण बरणीतलं एक बोंड वाचलं होतं, आणि ते वाचवायला बरणीतलं अर्धं पाणी तिनंच उपसलं, भिकूच्या भांड्यातलं राहिलेलं भरलं आणि बोंड उघडेपर्यंत पंप मारत बसली.

पुढच्या पावसाळ्यात घोटावड्याहून सांगावा आला. तिची आई आजारी होती, अन्न तोंडात धरत नव्हती. आई बांगड्या विकायची. डोक्यावर टोपली घेऊन रिहे, माण, भोवतालची सगळी गावं तिनं पायी तुडवली होती.

"मी जाऊन येते," जैनबबी म्हणाली.

मौला बरणीकडं बघत म्हणाला, "पंप कोन मारंल?"

ती थांबली. त्याला भरवायचं कुणी, वळवायचं कुणी, हेही त्यानं विचारलं नाही. आईला काय झालंय हे तर नाहीच. तिनं साळूबाईला बोलावलं, मौलाचं सगळं समजावून सांगितलं, दोन वेळची भाकरी, पाणी, बेडपॅन. बरणीबद्दल एक शब्द काढला नाही. पदर डोक्यावर घेतला आणि निघाली.

घोटावड्यात आई अजून होती, पण जायला टेकली होती. लेकीचा हात धरून तिनं चार दिवस काढले. दफन झालं त्या दिवशी पावसानं असा जोर धरला की रिह्याकडून येणारा ओढा रस्त्यावरून वाहायला लागला. मुळा नदीलाही पूर. घोटावड्याचं कुणी पौडाकडं जाईना. जैनबबी आईच्या घरात बसून राहिली. बाहेर पाणी, आत आईची रिकामी खाट आणि एका कोपऱ्यात बांगड्यांची टोपली. घरी पंप मारायला कुणी नाही, हे तिला आठवायचं आणि तिला वाटायचं, मरू दे. मग तिला स्वतःचीच भीती वाटायची, कारण बरणीचा विचार करताना डोळ्यापुढं मौला यायचा.

ओढा उतरला तशी ती चिखलातून घरी आली. दार लोटलेलं होतं. बाज रिकामी.

मौला जमिनीवर पालथा पडला होता, बरणीच्या पायाशी. एका हातात पंप. कोपरं सोलून रक्त सुकलेलं. वेताच्या तुकड्यातून बारीक बुडबुडे निघत होते आणि दगडावरचं बोंड उघडं होतं.

"अम्मा?" त्यानं मान वर करून विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. त्यानं डोळे मिटून, कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते इन्ना लिल्लाहि पुटपुटलं. 

"खाली कसं आलात?" शेवटी तिनं विचारलं.

"पडलो. बुडबुडं थांबलं हुतं, म्हनून सरकाय गेलो, नि पडलो. पडलोच हाय म्हनल्यावर कोपरानं सरकलो. साळूबाई उचलत हुती, मी नको म्हनलो. हितंच जेवतोय, हितंच निजतोय."

जैनबबी दाराला टेकून खाली बसली. ओल्या लुगड्यातून पाणी जमिनीवर पसरत होतं. "म्हंजे येत हुतं तुमाला."

"मला ठाव न्हवतं."

"तीन वरसं मी तुमाला एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर करतीया. माजी कंबर गेली. एक डाव कोपर टेकून बघितलं न्हाई तुमी. आनि ह्या बोंडासाटी उतरलात."

मौलानं हातातला पंप जमिनीवर ठेवला. मग म्हणाला, "तू गेली नसतीस, तर नसतो उतरलो."

त्यानं ते खरं सांगितलं होतं. म्हणूनच तिला रडू आलं, आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं. तिनं त्याची कोपरं धुतली, हळद लावली. त्याला बाजेवर घेताना तो आपणहून हातांवर जोर देऊन अर्धा वर आला.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं. पंप तुमचा, बरणी तुमची. आपलं अंग आपण वळवायचं, जेवढं जमंल तेवढं. मी अम्माची टोपली घेनार हाय. मौलानं विरोध केला नाही. कोंडिबा सुतारानं चार लहान चाकांची एक फळी करून दिली. तिच्यावर छाती टेकून तो खोलीभर फिरायला शिकला. जैनबबी बांगड्या घेऊन रिह्याला, माणला जायला लागली. पण दुपार कलली की तिला परतावं लागायचं. साळूबाईलाही तिचं शेत होतं, म्हशी होत्या. एखाद्या घरी लग्नाचा चुडा भरताना बायका म्हणायच्या, आज ऱ्हा की, रातच्याला गानी हायेत. ती टोपलीवर फडकं बांधायची. सगळ्या गावांना ती पोचली, पण एकाही गावात मुक्कामाला राहिली नाही.

भिकू दर हिवाळ्याला पाणी घेऊन यायचा. बरणीत दोन लहान खेकडे आले, एक काळा मासा आला, दगडावर हिरवं शेवाळ चढलं. मौला फळीवर छाती टेकून तासन्‌तास बघायचा. कधी कधी जैनबबी घरी आल्यावर तो तिला सांगायचा, आज खेकड्यानं शंख बदलला. जुना लहान पडला म्हणून मोठ्यात शिरला, आणि तेवढ्या क्षणात केवढा उघडा पडला होता म्हणून सांगू! ती चूल पेटवत ऐकायची.

चौसष्टच्या उन्हाळ्यात छपराचा पत्रा असा तापला की ओलं गोणपाट गुंडाळूनही बरणी कोमट लागायची. मौलानं पंप मारून मारून हात सुजवले. एका आठवड्यात मासा गेला, मग खेकडे. बोंड शेवटी मिटलं ते उघडलं नाही. जैनबबी माणहून आली तर मौला करवंटीनं पाणी काढून बादलीत ओतत होता. सकाळपासून तेच करत होता. तिनं हात लावायला पुढं केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. माजं हाय."

हिवाळ्यात भिकू आला. म्हणाला, नवा दगड आणतो, ह्या खेपंला चांगला मोठा आणतो.

"नको," मौला म्हणाला. "बापडं तितं लाटंत हुतं. आपन आनून काचंत घातलं, नि वरून म्हनलं जग. पुरं झालं."

भिकू चहा पिऊन गेला. बरणी नसीर परत धरणावर घेऊन गेला. जैनबबीला वाटलं होतं, ती गेल्यावर घर मोकळं होईल. खिडकीजवळची जागा मोकळी झाली खरी. पण पंपाचा आवाज नाही म्हणताना घर इतकं मुकं झालं की पहिले काही दिवस मौला परत जुन्यासारखा भिंतीकडं बघत पडेल याची तिला धास्ती होती. तो तसा पडला नाही. फळीवरून दारापर्यंत जायचा आणि उंबऱ्याशी थांबायचा. उंबरा उंच होता. तो फळीला ओलांडता येत नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याशी तिथूनच बोलायचा.

माघात जैनबबी माणच्या एका लग्नाला चुडे भरायला गेली. सूर्य डोंगराआड जायच्या आत परतली. मौला उंबऱ्याशी होता. तिनं टोपली उतरवली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला बाजेवर घेतलं. तो हातांनी जोर देत होता, तरी जड लागला.

"उद्या रिह्याला जायाचं हाय," ती कंबर सरळ करत म्हणाली.

"लांब हाय."

"हाय. पर येते परत."

"म्हाईत हाय," मौला म्हणाला, आणि पांघरूण आपल्या हातानं छातीपर्यंत ओढून घेतलं.