बैलाचा पाय न लागलेलं अळू

बहारीनमधल्या बुसैतीनच्या समुद्राकडच्या रस्त्यालगत कडुनिंबांची लांब रांग आहे. तिला दाजी पाणी देतो. बावीस वर्षं झाली. गाव संगमेश्वराकडचं, हात मातीचा, आणि अभिमान एकच: मी लावलेलं आजवर मेलं नाही.

हे पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं गोडं पाणी नव्हे. ते माणसांनाच पुरवून वापरावं लागतं. दर वर्षी नव्या इमारती उठतात, नळ वाढतात. म्हणून शहरानं वापरून सोडलेलं पाणी पुन्हा शुद्ध करतात आणि जांभळ्या नळ्यांतून झाडांना पाठवतात. ठिकठिकाणी पाटी आहे, पिऊ नये म्हणून. दाजीला पाटी पाठ होती. पण नळीच्या एका जोडाशी थेंब थेंब गळायचं, भिंतीच्या सावलीत ओल राहायची, आणि ओल दिसली की कोकणातल्या माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. गावी मोरीच्या पाण्यावर अळू असतंच. सुट्टीवरून येताना दाजीनं दोन कंद आणले आणि तिथं खोचले. बघता बघता सुपाएवढी पानं झाली.

ती पानं जायची पुलापलीकडच्या उम्म अल हस्सम वस्तीत, रत्नाबाईंकडे. रत्नाबाई डबे करतात. नात्यानं कुणी नव्हेत, पण शेजारच्या गावच्या, म्हणून दाजीच्या वहिनी.

"कुठलं हो अळू?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"एका अरबाच्या बागेतलं."

खोटं लहान होतं, पानं मोठी होती. गोष्ट तिथंच राहिली.

यंदा ऋषिपंचमीआधी रत्नाबाईंचा निरोप आला. "बैलाच्या कष्टाचं पंचमीला चालत नाही, दाजी. दुकानातल्या भाजीचा भरवसा काय? तुमचंच अळू द्या. बहारीनात बैल कुठला!" दाजी फुलून गेला. आदल्या संध्याकाळी भारा पोचवून आला. वीस बायका सकाळपासून उपाशी राहून दुपारी तीच भाजी खाणार होत्या.

पंचमीच्या सकाळी अकराला मृणाली आली. पाणी तपासणारी, मूळची चिपळूणची पोर. जांभळ्या नळीच्या तोटीखाली बाटली धरून ती म्हणाली, "काका, मंगळवारपासून शुद्ध करणाऱ्या ठेकेदाराच्या टाकीत जंतू मारायचं औषधच पडलेलं नाही. कालच्या बाटल्या नापास झाल्यात. या पाण्याला हात लावू नका. इथलं कुणी काही खात नाही ना?"

"छे, छे," दाजी म्हणाला. मग नळीकडे बघत, "समजा, कुणी खाल्लं... शिजवून?"

तिनं मान वर केली. "शिजलं तर बहुतेक काही होणार नाही. पण चिरताना हात लागतात, विळी लागते. त्याच विळीवर काकडी चिरली तर?"

दाजीनं रत्नाबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रत्नाबाई सोवळ्यात, आज त्या फोनला शिवणार नव्हत्या.

रस्त्याकडेला ओळखीच्या झैद ड्रायव्हरचा टँकर रिकामा उभा होता. "झैद, उम्म अल हस्सम चल. अभी."

"कोई मर गया क्या?"

"अभी नहीं."

झैदनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार उघडलं. "यल्ला, चलो."

पुलावर गाड्यांची रांग मुंगीच्या चालीनं सरकत होती. खाली समुद्र चकाकत होता. दाजीला त्या पाण्यात जेवणाची वीस पानं मांडलेली दिसत होती. सांगितलं तर बावीस वर्षांची पत जाणार, कदाचित कामही. नाही सांगितलं तर... पुढचा विचार त्याला करवेना. प्रत्येक लाल दिव्याला तो घड्याळ बघे.

तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका पंगतीला बसल्या होत्या. पानं अजून रिकामी होती.

"अगोबाई, दाजी! बूट काढा आधी!" रत्नाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दाजी बूट काढून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "वहिनी, भाजी वाढू नका. अळू गटाराच्या पाण्यावरचं आहे. शुद्ध केलेलं असतं, पण या आठवड्यात झालं नाही."

रत्नाबाईंनी हातातला डाव पातेल्यावर ठेवला.

"माझ्या माहेरीही अळू मोरीवरच असायचं, दाजी. पण मोरी कुणाची ते ठाऊक होतं. मी विचारलंही होतं तुम्हाला."

"हो."

"मग बाहेर मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

दाजी चिखलाच्या कपड्यांनी पंगतीसमोर उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, "मागच्या महिन्यातल्या अळूवड्यांचं काय हो?"

पातेलं केरात रिकामं झालं, काकडीची कोशिंबीरही गेली. तेव्हा रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "काकडी कडू निघू नये म्हणून एक चकती मी चाखली होती. त्याच विळीवरची."

दाजीनं तिथूनच मृणालीला फोन केला. "पोरी, तुझ्या कागदावर लिही. त्या जोडापाशी अळू होतं. मी लावलेलं."

"काका, नाव टाकावं लागेल."

"टाक. पण आधी सांग, किती दिवस लक्ष ठेवायचं?"

"दोन-तीन दिवस. ताप, जुलाब काही झालं तर लगेच डॉक्टर."

त्या दुपारी दाजीनं आपल्या हातानं अळू उपटलं. मुळांच्या जागी पाणी पुन्हा जमलं, स्वच्छ, कशाचाही वास नसलेलं. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"वहिनी, पोट कसं आहे?"

"तासाभरात चौथ्यांदा विचारताय. बरी आहे. अजून तरी."

दाजीनं घड्याळ पाहिलं. अजून दोन रात्री जायच्या होत्या.