शेंदूर वाळेपर्यंत

आमचे हे मला निवांत सापडायचे ते वर्षातून एकदाच, आणि तेही ट्रकखाली. चाकणहून कांदे-बटाटे मुंबईला न्यायचे आणि येताना पेणकडून मिठाच्या गोणी आणायच्या, असा ह्यांचा धंदा. लढाईनंतर लिलावात घेतलेला मिलिटरीचा जुना ट्रक होता. मिठाचं पाणी फळ्यांतून खाली झिरपायचं आणि वर्षभरात चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, असा गंज चढायचा, की नुसतं बोट लावलं तरी पोपडे पडायचे. म्हणून मिरगाच्या आधी गाडी अंगणात उभी राहायची.

गंज तारेच्या ब्रशनं खरवडायचा, रॉकेलनं पुसायचं आणि मग शेंदूर. देवाला लावतात तोच, फक्त जवसाच्या तेलात घोटलेला. घोटायचं काम माझं. ह्यांचं म्हणणं, वरून काळा रंग कुठलाही फासा, खालचा थर शेंदराचाच पाहिजे. पण तो वाळता वाळत नसे! पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, दुसरा वाळल्याशिवाय काळा लावता येत नाही. तोवर गाडी जागची हलायची नाही, म्हणजे हेही हलायचे नाहीत.

बाई गं, काय ते दिवस! एरवी आत्याबाईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, नवऱ्याशी चार शब्द बोलायची चोरी. ट्रकखाली मात्र दोघं गोणपाट टाकून बसलो, तरी काम चाललंय म्हणून कुणी हटकत नसे. हे मला घाटातल्या गमती सांगायचे, मुंबईच्या दुकानांतले दिवे सांगायचे. मी ऐकत राहायची.

"वाळला का गं?" हे विचारायचे.

मी बोट टेकवून म्हणायची, "न्हाई, अजून चिकटतंय." खडखडीत वाळलेला असला तरी! ह्यांना काय कळत नव्हतं? पण हेही मान डोलवायचे. "मग ऱ्हाऊ दे आजचा दिस."

एका वर्षी दापोडीला रस्त्यालगतच्या गॅरेजात रंग फवारायचं मशीन आलं. डब्यातला तयार प्रायमर, त्यावर काळा फवारा. सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी घेऊन जा, असं तिथला मेस्त्री म्हणे. मी शेंदराची बाजू जमेल तेवढी लढवली. "फवारा आतल्या सांदीत पोचतो व्हय? तेल कसं गंजात मुरतं, तसा तो मुरंल का?"

हे हसले. "लई शिकलीस की गं चासीचं!" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दापोडीला गेलेच.

संध्याकाळी गाडी आली ती वाळूनच. खालून काळीभोर, चकचकीत. हे मला हौसेनं वाकून दाखवत होते. पहाटे निघायचं म्हणून दोर, ताडपत्री चढवायलाही लागले. मग मात्र माझा तोल गेला.

"चुलीत घाला ते मशीन!" मी म्हणाले. "वर्सातनं हे चार दिस माझ्या वाट्याला यायचं, तेबी त्या मेल्यानं फुकून टाकलं!"

ह्यांनी हातातला दोर खाली ठेवला. सासूबाई गोठ्यात होत्या. तिकडे एकदा बघून हे हळूच म्हणाले, "मग चल की. फुडं बस माझ्या शेजारी. मुंबई दावतो तुला."

चेष्टा नव्हती ती. ह्यांचं तोंड मी बघितलं होतं. माझ्या मनात तर आलं, आत्ता उठून बसावं गाडीत! आणि तोंडातून काय निघालं? "इश्श! लोक काय म्हणतील? आन् आत्याबायला भाकरी कोण थापून घालणार?"

"बरं," हे म्हणाले. एवढंच. पहाटे गाडी गेली.

पुढं ह्यांनी तो धंदा बरीच वर्षं केला. गाडी दर साल दापोडीलाच जायची आणि संध्याकाळी परत यायची. ह्यांनी मला पुन्हा कधी चल म्हटलं नाही. आणि मी, मेली, दर खेपेला गाडी निघायच्या आदल्या दिवशीच चांगलं लुगडं काढून ठेवत होते.