वाघाचं बटण कोणाचं?

आमच्या झाडीपट्टी नाटकाच्या ऑर्गनवाल्यानं मला फसवलं. वाघाच्या डरकाळीसारखे साठवलेले आवाज सॅम्पलरमधून पायानं सोडता यावेत, म्हणून मी त्याला पत्र्याच्या डबीत दारावरच्या बेलचं बटण बसवून दिलं. सौदा एकच होता, माइकवरून माझं नाव घ्यायचं. यानं पुकारलं, "खास नागपूरहून आणलेलं!" मी भडकलो, तर म्हणतो, "लोकल म्हटलं का लोक हासतेत, भाऊ."

पुढं लग्नाच्या प्रवेशात दुरून एकदाच वाघ ओरडायचा होता, तिथं त्यानं बुटानं बटण हाणलं. ते अडकलं आणि मंगलाष्टकांत वाघ डरकाळ्या फोडत राहिला. तेव्हा मात्र माझं पूर्ण नाव घेऊन तो माइकवर ओरडला, "बटण त्यानंच बनवलं जी, आमचा दोष नाई!"

चालतं तेव्हा नागपूरचं आणि अडकतं तेव्हा माझं, हे काऊन? त्यानं त्याच माइकवरून उत्तर द्यावं.