शून्य पिल्लं

सांगतो, पण एका अटीवर. इथे आयर्लंडात, आमच्या एनिस गावातल्या ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्या कानावर घालायचं नाही. असा कुणी आता उरलाय की नाही, हीच शंका आहे म्हणा!

तर मी इथल्या इस्पितळात मुलांचा डॉक्टर. आणि फावल्या वेळात पेंग्विन मोजतो. हसू नका! आयर्लंडात कुठले आलेत पेंग्विन? तिकडे अंटार्क्टिकात खांबांवर कॅमेरे लावलेत. ते फोटो काढत राहतात आणि जगभरातले आमच्यासारखे उद्योगी लोक घरबसल्या त्यांवर टिचक्या मारतात. मोठ्या पेंग्विनवर एक खूण, पिल्लावर दुसरी. वस्ती वाढतेय की आटतेय, ते त्यावरून कळतं.

गावातल्या पक्षीमंडळाच्या मॉरीनबाईंनी मला वाचनालयात भाषणाला बोलावलं. विषय, पेंग्विनवरची संकटं. मी कसला फुशारलो! पण नेमक्या त्याच आठवड्यात ड्युट्या अशा लागल्या की जेवायची फुरसत नाही. आणि न मोजलेल्या फोटोंचा हा ढीग!

आई कराडहून आली होती आणि घरात बसून कंटाळली होती.

"आन हिकडं, मी करती की," ती म्हणाली. मी खुणा कशा करायच्या ते दाखवलं, आणि पठ्ठीनं तीन दिवसांत ढीग संपवला.

शनिवारी सकाळी मी बेरीज पाहिली. मोठे पेंग्विन भरपूर. पिल्लं शून्य.

खोटं नाही सांगत. दिवसभर पोरांच्या छातीला नळी लावून ऐकणारा माणूस मी, अख्ख्या वस्तीत एक पिल्लू नाही म्हटल्यावर घास उतरेना. एखादा फोटो उघडून बघावा, हे सुचलं का? छे! बेरीज होती ना हातात!

भाषण काय रंगलं म्हणता! बर्फ वितळतोय, खायचे मासे लांब जातायत, आईबाप रिकाम्या चोचीनं परततायत. "आणि यंदा," मी म्हणालो, "या वस्तीत एकही पिल्लू नाही." पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. शेवटी मी एक फोटो भिंतभर मोठा करून दाखवला.

मागून एक टोपीवाले आजोबा उठले. "डॉक्टर, त्या मोठ्याच्या पायाशी बसलाय, तो युअर मॅन कोण?" इथे ओळखीचा असो नसो, कुणीही 'युअर मॅन'च.

मी वळून पाहिलं. राखाडी लोकरीचा गुंडा. शेजारी दुसरा. त्याच्यामागे तिसरा. अहो, भिंत पिल्लांनी भरली होती!

"इट्स ग्रँड, डॉक्टर," मॉरीनबाई माझा दंड थोपटत म्हणाल्या, म्हणजे इकडच्या भाषेत 'चालायचंच'. "एकेक फोटो बरेच जण मोजतात. बाकीच्यांना दिसली असतील."

घरी पोचलो तो फणफणतच.

"आई, पिल्लं का नाही मोजलीस?"

"मोठी मोजली की समदी!"

"आणि पिल्लं?"

"आरं, लेकरं कुनी मोजतं व्हय? दिष्ट लागती. आदीच कमी झाल्यात म्हंतोस."

"आई, हे विज्ञान आहे! मोजलीच नाहीत तर कमी झालेली कळणार कशी?"

"ते खरं रं," ती हळूच म्हणाली. "पर एवढाली गोजिरवाणी, त्यास्नी बोट लावाया हात धजंना."

तिनं निदान एकेक फोटो डोळे भरून पाहिला होता. न बघता भाषण ठोकलं होतं ते मी.

रविवारी सगळे फोटो मी पुन्हा मोजले. आई शेजारीच होती. मी पिल्लावर खूण केली की ती कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. "अंधश्रद्धा!" मी म्हणायचो. ती मोडतच राहिली.

सोमवारी मी वॉर्डात असताना तिचा फोन आला.

"जेवलास का? आज शांत हाय न्हवं दवाखान्यात?"

"आई!" मी किंचाळलोच. "तो शब्द काढू नकोस! वॉर्ड शांत आहे म्हटलं की तासाभरात भरतो!" शेजारच्या नर्सनं गंभीरपणे मान डोलावली.

पलीकडून आईनं अगदी मायेनं विचारलं,

"ह्ये विज्ञान हाय व्हय रं?"