एल्स्पेथचा उजवा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. सांगायला बसते आणि घरांच्या किमतींवरच बोलत राहते — तेच मला जमतं.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, पार्सिपनी गावात घरं विकायचे. नवरा वारल्यावर लायसन्स काढलं, साडी सोडून सूट घातला, समोरचा दमेपर्यंत घासाघीस करायला शिकले. एल्स्पेथला तिचं घर मीच मिळवून दिलं. ती स्कॉटलंडमधल्या डंडीची. आई तागाच्या गिरणीत, ही वकिलाकडे टायपिस्ट. अमेरिकन नवऱ्याबरोबर इथे आली. तो सोडून गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर ठेवून खुनाच्या कादंबऱ्या लिहू लागली. दर वर्षी एक. आवळलेले गळे, फुटलेली डोकी — आणि बोलायची इतकी हळू, की कान द्यावा लागे. दोघी स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या. मला ती आवडायची. हे आधीच सांगून ठेवते.

तिला मी एक गोष्ट सांगितली होती. नवऱ्याच्या वेळी फ्युनरल होममधल्या माणसाशी मी शवपेटीच्या किमतीवरून भांडले. जी जाळायचीच, तिला महागडं लाकूड कशाला? घराचा हप्ता डोक्यावर होता. सगळ्यात स्वस्तातली पेटी घेतली, तीही भाव पाडून. हे सांगताना मी रडले, आणि तिनं माझा हात हातात धरला.

पुढच्या कादंबरीत घरं विकणारी एक भारतीय बाई आली. नवऱ्याच्या शवपेटीवर डिस्काउंट मागणारी. विषही तिनंच दिलेलं.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला एक तरुण डॉक्टर ताटात पुऱ्या घेत म्हणाला, "काय काकू, कॉफिनवर किती परसेंट सुटले?" लोक हसले. लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिनं पुस्तक वाचलं होतं. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, डिड यू रिअली डू दॅट?"

पेटीबद्दल विचारत होती, की विषाबद्दल? मी विचारलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

एल्स्पेथला गाडी चालवता येत नसे. दर शनिवारी मीच तिला ग्रोसरीला न्यायचे. त्यानंतरच्या शनिवारी येताना विषय काढला. ती हसली. "अगं, पात्र आहे ते. आणि खरं सांगू? वाचकांना तीच सगळ्यात आवडली."

तिच्या घरासमोर गाडी थांबवली. मी पिशव्या काढून द्यायला तिच्या बाजूला आले. ती दार उघडून अजून सीटवरच होती; पायाशी पडलेला स्कार्फ घ्यायला वाकली, आणि तोल सावरायला उजवा हात गाडीच्या दाराच्या चौकटीवर ठेवला.

बोटं मला दिसली. एवढं म्हणायला किती वेळ लावला मी — बोटं मला दिसली, नीट दिसली. मी दार ढकललं. त्या जुन्या गाडीची दारं जड होती. शेवग्याची शेंग मोडतात तसा आवाज आला. पण दार लागलं नाही — म्हणून कमरेचा जोर लावून पुन्हा ढकललं.

पहिल्यांदा राग होता, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मला माहीत होतं, आत काय आहे, आणि त्या हातानं ती काय करते.

ती ओरडली नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मी दार उघडलं तेव्हा स्कार्फ रक्तानं चिकट झाला होता.

हॉस्पिटलमध्ये तिनं डॉक्टरला सांगितलं, "वाऱ्यानं दार आपटलं." मी मान डोलावली.

दोन बोटं काढावी लागली. तिसरं वाकेना. डाव्या हातानं टाइप करून पाहिलं, टेपरेकॉर्डरवर बोलून पाहिलं — यंत्रासमोर तिला वाक्यच सुचेना. प्रकाशक थांबला, मग थांबेनासा झाला. त्यानंतर तिचं एकही पुस्तक आलं नाही. मी सूप न्यायचे, केस विंचरून द्यायचे. मंडळात लोक म्हणायचे, एवढं होऊनही काकूंनी मनात काही ठेवलं नाही. मी ते ऐकून घ्यायचे.

ती स्कॉटलंडला परत जायला निघाली, तेव्हा घर मीच विकलं. चांगला भाव काढला. कमिशन पूर्ण घेतलं. सही तिनं डाव्या हातानं केली, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी, आणि कागद माझ्याकडे सरकवला. काही वर्षांनी तिकडेच वारली.

त्या शनिवारी वारा नव्हता. तिच्या अंगणातल्या मेपलचं पानही हलत नव्हतं.